नुकसान सिद्ध कुणी करायचं?

११ नोव्हेंबर १९७६ रोजी लॉस एंजेलिसच्या फेडरल न्यायालयात एक दावा दाखल झाला. वादी दोनच: युनिव्हर्सल सिटी स्टुडिओज आणि वॉल्ट डिस्ने प्रॉडक्शन्स. प्रतिवादींची यादी मात्र लांब आणि जरा चमत्कारिक होती. जपानची सोनी आणि तिची अमेरिकी कंपनी होतीच. शिवाय सोनीच्या जाहिराती करणारी डॉयल डेन बर्नबाक, बेटामॅक्स हे यंत्र विकणारी दुकानं आणि एक साधा ग्राहक. त्यानं बेटामॅक्स घरी आणून टीव्हीवरचे कार्यक्रम टेप केले होते, एवढाच त्याचा अपराध.

हा ग्राहक दाव्यात कसा आला, ते निकालपत्राच्या एका तळटीपेत नोंदलेलं आहे. तो वादींच्या वकिलांचाच अशील होता. नुकसानभरपाई किंवा खर्च मागणार नाही, असं वादींनी कबूल केल्यावर तो प्रतिवादी व्हायला राजी झाला. यात लबाडी शोधण्याचं कारण नाही. यंत्र बनवणाऱ्यावर जबाबदारी टाकायची, तर त्या यंत्रानं कुणीतरी कॉपीराइटचा भंग केलेला आधी दाखवावा लागतो. तो ‘कुणीतरी’ हजर करण्याची ही सोय होती. खरी गंमत त्याच्या साक्षीत आहे. यंत्र घेतलं तेव्हा कार्यक्रम नंतर बघून पुसून टाकायचे, एवढाच त्याचा बेत नव्हता. आवडीच्या टेपांचा संग्रहही करायचा होता. टेपा शंभरेक झाल्या आणि हा छंद परवडेना, तेव्हा तो जुन्या टेपा पुसून त्यांवरच नवे कार्यक्रम घेऊ लागला. कोर्टासमोर आलेला हक्कभंग करणारा माणूस तो हाच.

यंत्राचं वर्णनही निकालपत्रात बारकाईनं केलेलं आहे. बेटामॅक्सला स्वतःचा ट्यूनर होता. त्यामुळे टीव्हीवर एक वाहिनी चालू ठेवून दुसरीवरचा कार्यक्रम टेप करता येई. टायमर होता, म्हणजे घरी कुणी नसलं तरी ठरल्या वेळी यंत्र आपलं आपण चालू होई. टेप थांबवायचं आणि पुढे पळवायचं बटण होतं. सुरुवातीच्या कॅसेटवर तासाभराचाच ऐवज मावत असे, आणि टीव्हीशिवाय सुटं यंत्र घ्यायचं तर १३०० डॉलरच्या आसपास मोजावे लागत. सोनीचे अकिओ मोरिता यांचा विक्रीचा मंत्र सोपा होता: कार्यक्रमाची वेळ वाहिनीनं नव्हे, प्रेक्षकानं ठरवायची.

या मंत्राची एक जाहिरात खटल्याच्या इतिहासात अजरामर झाली. ‘कोलंबो’ बघताना ‘कोजॅक’ चुकायला नको, आणि ‘कोजॅक’ बघताना ‘कोलंबो’, असा तिचा आशय होता. दोन्ही मालिका युनिव्हर्सलच्या. आपल्याच मालाच्या जोरावर दुसऱ्यानं यंत्र विकावं, हे युनिव्हर्सलचे अध्यक्ष सिडनी शाइनबर्ग यांच्या पचनी पडणं अवघड होतं. त्यात युनिव्हर्सलची मालक कंपनी एमसीए स्वतःच घरगुती सिनेमाच्या धंद्यात उतरायच्या तयारीत होती. फिलिप्सबरोबर ती डिस्कोव्हिजन नावाची तबकडी तयार करत होती. ती तबकडी फक्त वाजवता येई; तिच्यावर घरी काही टेप करता येत नसे. दोन्ही यंत्रं घरातल्या पडद्यासाठीच होती, पण एकात काय बघायचं ते स्टुडिओ ठरवणार होता आणि दुसऱ्यात घरमालक.

दावा दाखल होण्याआधी, १९७६ च्या सप्टेंबरात, शाइनबर्ग आणि एमसीएचे सर्वेसर्वा लू वॉसरमन न्यूयॉर्कमध्ये मोरितांना भेटले. विषय तबकडीच्या यंत्राचा होता, आणि बोलता बोलता खटल्याची सूचना दिली गेली. या भेटीची वर्णनं आपल्याला मिळतात ती त्यात बसलेल्या माणसांनी पुढे काही वर्षांनी सांगितलेल्या आठवणींतून. मोरितांनी ती आपल्या आत्मचरित्रातही लिहिली आहे. एका हातानं हस्तांदोलन आणि दुसऱ्यानं तडाखा, ही अमेरिकी रीत त्यांना कळेना, असा त्यांचा सूर. मोरितांचा राग खराच असणार, पण खटला जिंकल्यावर सांगितलेल्या आठवणीला पुरावा म्हणून थोडं कमीच वजन द्यावं. दाव्यातल्या मागण्यांचा कागद त्या मानानं भरवशाचा. त्यात वादींना तीन गोष्टी हव्या होत्या: नुकसानभरपाई, बेटामॅक्सवर मिळवलेल्या नफ्याचा हिशेब, आणि यंत्र बनवण्या-विकण्यालाच मनाई हुकूम.

यातली एक तारीख विसरता कामा नये. अमेरिकेचा नवा कॉपीराइट कायदा १९ ऑक्टोबर १९७६ रोजी, म्हणजे दाव्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, सहीशिक्क्यानिशी तयार झाला होता. कायदेमंडळानं वर्षानुवर्षं घोळवलेला हा कायदा घरातल्या व्हिडिओ टेपिंगबद्दल काहीच बोलत नव्हता. हे मौन म्हणजे परवानगी की बंदी, यावर पुढची सात वर्षं वकिलांची चूल पेटली.

हॉलिवूडमधल्या बाकीच्या मोठ्या स्टुडिओंनी दाव्यात भाग घेतला नाही. वादी झाले ते हे दोघेच. टीव्हीवर दिसणाऱ्या एकूण कार्यक्रमांत त्यांचा मिळून वाटा १० टक्क्यांच्याही बराच खाली होता. तेव्हा ही बाब फारशी कुणाच्या खिजगणतीत नसावी; पुढे मात्र ती वादींच्या मुळावर आली.

१९७९ च्या सुरुवातीला न्यायाधीश वॉरन फर्ग्युसन यांच्यासमोर सुनावणी झाली. दोन्ही बाजूंनी बेटामॅक्सधारकांच्या पाहण्या करवून आणल्या होत्या आणि त्यांचे आकडे सर्वोच्च न्यायालयाच्या तळटीपांत जसेच्या तसे उतरले आहेत. वादींच्या पाहणीत ७५.४ टक्के लोक निम्म्या किंवा बहुतेक वेळा यंत्र वापरत ते कार्यक्रम सोयीच्या वेळी बघण्यासाठी. आपल्याकडे १० किंवा त्याहून कमीच कॅसेटी आहेत, असं ५५.८ टक्के लोकांनी सांगितलं. सोनीच्या पाहणीत ९६ टक्क्यांनी एरवी चुकले असते असे कार्यक्रम टेप केले होते. जाहिरातींचा धंदा बुडेल या भीतीलाही आकडे भिडले: ९२ टक्के कार्यक्रम जाहिरातींसकट टेप होत आणि टेप पळवून त्या गाळणारे फक्त २५ टक्के. ते स्वाभाविकच होतं. जाहिरात संपायच्या बेतात आली की हात काढायचा, थोडं जास्त पळालं तर मागे यायचं, पुन्हा पुढे जायचं. त्या काळच्या यंत्रावर हा उद्योग जाहिरात बघण्यापेक्षा कंटाळवाणा होता.

साक्षीदारांत लहान मुलांच्या कार्यक्रमामुळे घराघरांत पोचलेले फ्रेड रॉजर्स होते. मुलांनी आणि आईबापांनी आपला कार्यक्रम टेप करून एकत्र बसून बघायला आपली काहीच हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं. बेसबॉल, फुटबॉल, बास्केटबॉल आणि हॉकीच्या व्यावसायिक संघटनांच्या प्रतिनिधींनीही सामने टेप करण्याला हरकत घेतली नाही. लॉस एंजेलिसच्या चॅनेल ५८ या शैक्षणिक केंद्रानं तर कोणता कार्यक्रम कितपत टेप करता येईल याची मार्गदर्शिकाच छापली होती. तिच्यातल्या १०७ कार्यक्रमांपैकी ६२ ना कसली ना कसली परवानगी होती आणि २१ ना विनाअट. इथे तो १० टक्क्यांचा मुद्दा कामी आला. तुम्ही दोघं नाही म्हणता, पण बाकीचे पुष्कळजण हो म्हणत असताना सगळ्यांसाठीच यंत्र बंद कसं करायचं?

सगळ्यात वजनदार कबुली खुद्द वादींची होती. आजवर आपल्या कॉपीराइटचं प्रत्यक्ष नुकसान झालेलं नाही, हे त्यांनी मान्य केलं. टेप साठवल्या नाहीत आणि नुसती वेळ बदलून कार्यक्रम बघितला तर फारसं बिघडत नाही, असं त्यांच्या तज्ज्ञांच्या तोंडूनही आलं. त्यांचं सगळं म्हणणं पुढच्या काळातल्या नुकसानीचं होतं: पुनःप्रक्षेपणाला प्रेक्षक मिळणार नाहीत, प्रेक्षकसंख्येची मोजणी चुकेल, लोक थिएटरात जाणार नाहीत. फर्ग्युसन यांनी एकेक भाकीत तपासलं आणि बाजूला ठेवलं. २ ऑक्टोबर १९७९ चा निकाल सोनीच्या बाजूनं लागला.

दोन वर्षांनी, १९ ऑक्टोबर १९८१ रोजी, अपील न्यायालयानं तो उलटवला. घरात टेप करणं हा हक्कभंगच आहे आणि त्याला सोनी जबाबदार आहे, असं ठरलं. यंत्रावर बंदी घालण्यापेक्षा सततची रॉयल्टी हा मार्ग बरा, असंही त्यात सुचवलेलं होतं. लगेच वॉशिंग्टनमध्ये विधेयकांची रांग लागली. काही जणांना घरगुती टेपिंग सरळ कायदेशीर करायचं होतं, तर काहींना यंत्रावर आणि कोऱ्या टेपवर रॉयल्टी बसवायची होती.

या विधेयकांवर एप्रिल १९८२ मध्ये झालेल्या सुनावणीची छापील नोंद आजही वाचायला मिळते. त्यातलं जॅक व्हॅलेंटी यांचं एकच वाक्य जगाला माहीत आहे: घरात एकट्या असलेल्या बाईला बोस्टनचा गळा आवळणारा खुनी जसा, तसा अमेरिकी निर्मात्याला आणि अमेरिकी जनतेला व्हीसीआर, म्हणजे बेटामॅक्ससारखं यंत्र. व्हॅलेंटी एकेकाळी अध्यक्ष जॉन्सन यांच्या कचेरीत होते आणि १९६६ पासून स्टुडिओंच्या संघटनेचे प्रमुख. शब्दांची धार त्यांना नवीन नव्हती. पण ते वाक्य गाळून उरलेली साक्ष वाचली तर दोन गोष्टी दिसतात. पहिली, त्यांची मागणी आता बंदीची नव्हती. यंत्र राहू द्या, आम्हाला रॉयल्टी द्या, असं ते म्हणत होते. १९७६ च्या दाव्यातला मनाई हुकूम सहा वर्षांत मागे पडला होता. दुसरी गोष्ट म्हणजे जपान. अमेरिकेत विकले जाणारे सगळे व्हीसीआर तेव्हा जपानी कारखान्यांतून येत होते, आणि जपान्यांना नक्कल करता येत नाही असा अमेरिकी माल म्हणजे सिनेमा, हा मुद्दा व्हॅलेंटी पुन्हा पुन्हा मांडत होते. व्हॅलेंटींच्या साक्षीत व्हीसीआर हा कॉपीराइटचा जेवढा विषय होता, तेवढाच व्यापारयुद्धाचाही. हॉलिवूडला यंत्रच नको होतं, ही आज सर्रास सांगितली जाणारी गोष्ट १९७६ बद्दल खरी आहे, १९८२ बद्दल नाही.

दरम्यान खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला होता. तिथली हकिगत खरं तर कळायलाच नको होती. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आपसांत काय लिहितात ते बाहेर येत नाही. पण न्यायमूर्ती थर्गुड मार्शल जानेवारी १९९३ मध्ये वारले आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसनं त्यांचे कागद लगेच अभ्यासकांना खुले केले. सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी चिडून निषेधाचं पत्र पाठवलं. ग्रंथालयानं काही ऐकलं नाही. त्या गठ्ठ्यांत बेटामॅक्सचं बाड होतं आणि त्यावरून खटला तिथे असतानाच्या वर्षभरात काय झालं ते बऱ्यापैकी जुळवता येतं.

पहिला युक्तिवाद १८ जानेवारी १९८३ रोजी झाला. त्यानंतरच्या बैठकीत कौल पडला तो पाच विरुद्ध चार, आणि तोही सोनीच्या विरोधात. बहुमताचं निकालपत्र लिहिण्याचं काम हॅरी ब्लॅकमन यांच्याकडे आलं. जॉन पॉल स्टीव्हन्स अल्पमतात होते आणि त्यांनी ब्लॅकमनना पत्र पाठवलं. घरात, स्वतःसाठी, पैसे न कमावता केलेली एखादी प्रत या कायद्यानं गुन्हा ठरवलेलीच नाही, असा त्यांचा रोख होता.

जूनमध्ये ब्लॅकमन यांचा मसुदा फिरला आणि गाडी अडली ती सँड्रा डे ओकॉनर यांच्यापाशी. त्या ब्लॅकमन यांच्या बाजूच्या पाच जणांतल्या एक, कोर्टात सगळ्यात नव्या. त्यांची शंका फर्ग्युसन यांच्या निष्कर्षाबद्दल होती. ज्या न्यायाधीशानं साक्षीपुरावे ऐकले त्यानं नुकसान सिद्ध झालं नाही असं लिहिलं आहे. मग ते झालंच असं वरच्या कोर्टानं का धरून चालायचं? ब्लॅकमन यांच्या मते मूळ मालकाला नुकसानीची शक्यता दाखवता आली की पुरे. आपला वापर रास्त आहे हे दुसऱ्या बाजूनं दाखवावं. ओकॉनर यांच्या मते नुकसान सांगणाऱ्यानं ते शाबीत करावं. पत्रांची देवाणघेवाण झाली, ब्लॅकमननी मजकूर थोडाफार सैल केला, पण शाबितीचा भार कुणावर यावर दोघांचं जुळेना. दरम्यान न्यायमूर्ती ब्रेनन यांचा भर वेगळ्या ठिकाणी होता. यंत्राचे पुष्कळ उपयोग निर्दोष असतील तर ते विकणाऱ्याला धरता येत नाही, हा तो मुद्दा. बहुमत कुणाचं हेच सांगता येईना, तेव्हा जुलैच्या सुरुवातीला कोर्टानं पुन्हा युक्तिवाद ऐकायचं ठरवलं.

३ ऑक्टोबर १९८३ ला तो झाला. आता ओकॉनर पलीकडे गेल्या होत्या आणि पाच मतं स्टीव्हन्स यांच्याकडे आली. पण स्टीव्हन्स यांनाही किंमत मोजावी लागली. घरगुती प्रत म्हणजे गुन्हाच नाही, हा त्यांचा लाडका सिद्धान्त निकालपत्रातून गेला. त्याच्या जागी दोन गोष्टी आल्या. पेटंटच्या कायद्यातून उसना घेतलेला नियम: ज्या वस्तूचा मोठ्या प्रमाणावर निर्दोष उपयोग होऊ शकतो, तिच्या विक्रीला हक्कभंगातली मदत म्हणता येणार नाही. आणि ओकॉनर यांचा आग्रह: पैशासाठी नसलेल्या वापरानं नुकसान होतं असं म्हणणाऱ्यानंच ते सिद्ध करावं. १७ जानेवारी १९८४ चा निकाल या दोन खांबांवर उभा आहे. ब्लॅकमन यांचं निकालपत्र मतभेदाचं म्हणून छापलं गेलं. ते सविस्तर आहे, आणि बहुमतासाठी लिहायला घेतलं होतं हे त्याच्या ऐटीवरून कळतं.

तंत्रज्ञानाच्या जगात या निकालाला मुक्तीची सनद मानतात. कागद पाहता ही सनद अगदी अरुंद आहे. फुकट प्रक्षेपित होणारा कार्यक्रम नंतर बघण्यासाठी टेप करणं, एवढ्यालाच कोर्टानं रास्त म्हटलं. टेपांचा संग्रह करणं, म्हणजे आपल्या त्या ग्राहकाची हौस, रास्त की नाही हे सांगितलंच नाही. पुढचं कायदेमंडळानं बघावं, असं स्टीव्हन्स यांनी लिहिलं. कायदेमंडळानं बघितलं नाही. व्हॅलेंटींची रॉयल्टी तिथेच अडकून राहिली.

स्टुडिओंनी ज्या यंत्राला शिव्या घातल्या त्यानंच त्यांना श्रीमंत केलं, अशी या गोष्टीची लोकप्रिय अखेर आहे. ऐंशीचं दशक संपेतो घरगुती व्हिडिओची कमाई थिएटरच्या पुढे गेली, हे खरं. पण हा पैसा टीव्हीवरून टेप करण्यातून आला नाही. तो आला स्टुडिओंनीच सिनेमे भरून काढलेल्या तयार कॅसेटींतून, आणि १९७७ पासून त्या भाड्यानं देणाऱ्या दुकानदारांमुळे. त्या दुकानदारांशीही स्टुडिओ भांडलेच. त्यामुळे १९७९ चं भाकीत चुकलं म्हणण्यापेक्षा, त्याची कसोटी कधी लागलीच नाही असं म्हणणं न्यायाचं होईल. बेटामॅक्सचं तर बाजारात व्हीएचएस या प्रतिस्पर्धी पद्धतीपुढे पानिपत झालं. १९८८ मध्ये सोनीनं स्वतः व्हीएचएस यंत्रं काढली. १९८९ मध्ये तिनं कोलंबिया पिक्चर्स विकत घेतली, आणि पुढच्याच वर्षी व्हीएचएस गटातल्या मात्सुशितानं एमसीए, म्हणजे युनिव्हर्सलच, खिशात घातली.

आपल्याकडे हा वाद वेगळ्याच दारानं आला. १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत टीव्ही आला, व्हीसीआर पसरला, आणि गणेशोत्सवात भाड्याचा संच आणून रात्रभर लागोपाठ सिनेमे लावायची टूम निघाली. निर्मात्यांची तक्रार घरातल्या टेपिंगची नव्हती, चोरट्या कॅसेटींची होती. १९८४ च्या, म्हणजे अमेरिकी निकालाच्याच वर्षीच्या, दुरुस्तीनं व्हिडिओ फिल्म कॉपीराइट कायद्याच्या कक्षेत स्पष्टपणे घेतली आणि कॅसेटवर निर्मात्याचं नाव, पत्ता व परवानगीचा उल्लेख सक्तीचा केला. ‘खासगी वापर’ ही सवलत मात्र आपल्या कायद्यात सिनेमाला मिळाली ती थेट २०१२ च्या दुरुस्तीत. अमेरिकेत ज्या गोष्टीवर नऊ न्यायाधीश वर्षभर झुंजले, ती महाराष्ट्रातल्या दिवाणखान्यांत तोवर तीसेक वर्षं बिनबोभाट चालू होती.

अमेरिकेत साधन पुरवणाऱ्याला जबाबदार धरायचं का, हा प्रश्न परत आला इंटरनेटवरच्या फाइल-वाटपाच्या निमित्तानं. फाइल-वाटपाची सोय देणाऱ्या ग्रोकस्टर कंपनीविरुद्धच्या खटल्यात स्टुडिओंच्या बाजूनं उभ्या कंपन्यांत सोनीच्या मालकीची कोलंबियाही होती. २७ जून २००५ रोजी कोर्टानं एकमतानं ग्रोकस्टरच्या विरोधात निकाल दिला, पण हक्कभंगाला मुद्दाम चिथावणी दिल्याच्या कारणावरून. १९८४ चा नियम कितपत लांब पोचतो, हे कोर्टानं बाजूला ठेवलं. त्यावर वेगळी टिपणं लिहिली गेली दोन. निर्दोष उपयोगाचा पुरावा पुरेसा नाही, असं न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांचं. त्यांच्याबरोबर रेनक्विस्ट आणि केनेडी. पुरेसा आहे, नियम आहे तसाच राहू द्या, असं न्यायमूर्ती ब्रायर यांचं. त्यांच्याबरोबर स्टीव्हन्स आणि ओकॉनर. उरलेले तिघं गप्प राहिले. १९८४ च्या नऊ जणांपैकी रेनक्विस्ट, स्टीव्हन्स आणि ओकॉनर एवढेच आता कोर्टात उरले होते, आणि एकवीस वर्षांनी तिघंही तेव्हाच्याच बाजूला होते. त्यानंतर चार दिवसांनी ओकॉनर यांनी निवृत्ती जाहीर केली.